चार मुलं, एक आई: स्वतःचं स्वतः शिकता येईल असा ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम कोणता घ्यावा?

कन्नमवारनगरची

सलाम मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आता गरज पडली म्हणून लिहिते.

आम्ही विक्रोळीला राहतो. चार लेकरं. थोरली तेरा वर्षांची, मग दहाचा मुलगा, सातची मुलगी आणि शेंडेफळ चारचं. येत्या जूनपासून चौघांनाही घरीच शिकवायचं हे आमच्या दोघांचं नक्की झालंय. फी हे एक कारण आहेच, पण शास्त्रवाचन आणि प्रार्थना रविवारपुरती न राहता रोजच्या दिवसाचा भाग व्हावी ही मुख्य इच्छा. 'शाळेत का घालत नाही' यावर कृपया वेगळा धागा काढा, मी तिकडे येऊन वाद घालीन.

अडचण वेळेची आहे. मी घरून अकाउंट्सचं काम करते, त्यात दुपारचे तीन-चार तास जातात. चार मुलं, चार इयत्ता, प्रत्येकाला पाच-सहा विषय. सगळं मी तोंडाने शिकवायचं म्हटलं तर रात्रीचा स्वयंपाक कोण करणार? म्हणून मुलांना स्वतः पुस्तक उघडून पुढे जाता येईल असं काहीतरी हवंय.

मंडळीतल्या एक बाई म्हणतात पेसेस घे. दुसऱ्या म्हणतात लाइफपॅक. नणंद रॉबिन्सनच्या नावाचा जप करते. या तिघींच्याही घरी एकेकच मूल आहे! नेटवर बघावं तर प्रत्येक अमेरिकन आईला आपलाच अभ्यासक्रम परमेश्वराने दिलेला वाटतो. इथे, मुंबईत, एकाहून जास्त मुलांना कुणी असं शिकवलंय का? काय घेतलं, काय सोडलं?

सांताक्रूझ_स्लो

वाद नको म्हणालात म्हणून गप्प बसतो. एकच विचारतो, मुलांना मित्र कुठून आणणार?

कन्नमवारनगरची

@सांताक्रूझ_स्लो, संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली येऊन बघा. क्रिकेटच्या दोन टीम, लंगडी, शिवाय संडे स्कूल आणि गायनाची प्रॅक्टिस. मित्रांचा तुटवडा नाही हो, शांततेचा आहे.

मुलुंडची_आई

तीन मुलांना घरी शिकवलंय, मोठा आता कॉलेजात आहे. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे चौघांचे दोन गट करा. थोरली आणि दहाचा एकीकडे, धाकटी दोघं दुसरीकडे. ज्याला सलग वाचून अर्थ लागत नाही त्याच्या हातात कितीही नावाजलेलं 'स्वतः शिका' पुस्तक द्या, दर पाच मिनिटांनी 'आई, इथे काय करायचं?' येणारच. सातचीला वाचायला शिकवणं हे तुमचंच काम आहे, ते कुठल्याही पार्सलमधून येत नाही. तुमचा सकाळचा ताजा वेळ तिला द्या. मोठ्यांना स्वतःचं करायला लावायचं ते मुख्यतः यासाठीच.

आता पेसेस. अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन ही १९७० साली टेक्सासमध्ये डोनाल्ड आणि एस्थर हॉवर्ड या नवराबायकोने सुरू केलेली पद्धत. जाड पुस्तकाऐवजी पातळ वह्या, त्यांनाच पेस म्हणतात, एका विषयाच्या वर्षाला बारा. मुलाने रोजची पानं स्वतः ठरवायची, सोडवायची, उत्तरांच्या किल्लीवरून स्वतः तपासायची आणि वही संपली की चाचणी. साधारण ऐंशी टक्क्यांच्या खाली आलं तर वही पुन्हा. सगळ्यात आधी निदान चाचणी असते, तिच्यावरून मूल कुठल्या वहीवर बसवायचं ते ठरतं. मूल वयाने सातवीचं असलं तरी गणितात पाचवीच्या वहीवर आणि इंग्रजीत आठवीच्या वहीवर बसू शकतं. चार मुलांच्या घरात ही फार मोठी सोय आहे, कारण मग तुम्ही 'इयत्ता' हा शब्दच सोडून देता.

लाइफपॅक अल्फा ओमेगा या अमेरिकन प्रकाशनाचे. तीच जात, विषयाला वर्षाच्या दहा वह्या, बायबल हा स्वतंत्र विषय. मला ते मोठ्या मुलांसाठी जरा बरे वाटले, स्वतः वाक्यं लिहून द्यायची उत्तरं जास्त असतात.

या सगळ्या वह्यांचा धोका म्हणजे गाळलेल्या जागा. मुलं फार हुशार असतात. वरच्या परिच्छेदातलं वाक्य शोधायचं, शब्द उचलायचा, खाली ठेवायचा. डोक्यातून काहीच जात नाही. आणि उत्तरांची किल्ली! आमच्या मधल्याने एकदा भूगोलाची अर्धी वही एका सकाळीत संपवली. एकही खाडाखोड नाही. मी वही मिटली आणि म्हटलं, नदी गाळ कुठे टाकते, सांग बरं. पठ्ठ्या पंख्याकडे बघायला लागला. त्यानंतर आमच्याकडे किल्ली फ्रिजवर असते, तिच्यासोबत फक्त लाल पेन. पेन्सिल आपल्या जागेवर ठेवून उठायचं, उभ्याने तपासायचं, चुकलेल्याला लाल खूण करायची आणि परत जागेवर येऊन दुरुस्त करायचं. पेसेसच्या शाळांमध्ये तपासणीचं टेबल वेगळं असतं ते उगीच नाही. शिवाय रात्री जेवताना प्रत्येकाला एक प्रश्न तोंडी.

बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय.

गिरगावचे_मास्तर

गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. मी ख्रिस्ती नाही, पण शेजारच्या डिसोजांच्या नातवंडांना रॉबिन्सन पद्धतीने शिकताना जवळून पाहिलंय, म्हणून चार शब्द.

आर्ट रॉबिन्सन हे ओरेगनमधले रसायनशास्त्रज्ञ. १९८८ साली पत्नी अचानक गेली, पदरात सहा मुलं, सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं. शिकवायला माणूसच नाही म्हणून मुलांनी स्वतः शिकायचं, अशी गरजेतून बेतलेली पद्धत आहे ती. दिवसाची सुरुवात गणिताने, दोन तास. मग तासभर एक पान लिखाण. मग दोन तास वाचन, क्रमवार यादीतली पुस्तकं. घरात टीव्ही नाही आणि साखरही नाही. (नाताळच्या करंज्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

मला त्यातलं गणित आवडतं. सॅक्सनची पुस्तकं वापरतात. रोज नवीन भाग चिमूटभर आणि जुन्याची उजळणी भरपूर. त्या मालिकेत मुलाला बसवण्याआधी बेरजा, वजाबाक्या आणि पाढे तोंडपाठ झालेच पाहिजेत, ही रॉबिन्सनची अट. तोवर पुस्तक उघडायचं नाही. तिकडे याचं कौतुक होतं, आपल्याकडे कुठल्याही आजीने हेच सांगितलं असतं. सातच्या मुलीला या वर्षी पाढे द्या, बाकी गणिताची काळजी करू नका.

दुसरं, अमेरिकन गणिताची वही आणलीत तर इंच, पाउंड, औंस, गॅलन आणि फॅरेनहाइट सोबत येणार. लहानांच्या वह्यांत तर पानंच्या पानं डाइम, निकेल, क्वार्टरची नाणी मोजण्यात जातात. ती सरळ गाळा आणि मुलीला शंभराची नोट देऊन वाण्याकडे पाठवा, उरलेले पैसे मोजून आणायला सांगा. लाख-कोटीची स्वल्पविरामं तुम्हालाच शिकवावी लागतील. त्यापेक्षा गणिताला बालभारती का नको? पुस्तकं ईबालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. सातांचा पाढा ख्रिस्ती घरात वेगळा नसतो.

वसईची_सून

मास्तरांना +१, गणिताला संप्रदाय नसतो. पण बाकीच्या विषयांत असतो, आणि त्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आम्ही कॅथलिक. 'ख्रिस्ती अभ्यासक्रम' असं वर लिहिलेलं बघून मी फार खूश झाले होते. मग एका सेटचा इतिहास चाळला आणि धर्मसुधारणेच्या प्रकरणात आमच्या पोपचं, संतांचं आणि मठांचं जे वर्णन वाचलं, ते मुलांच्या हातात देणं शक्यच नव्हतं. पेसेस, अबेका, बॉब जोन्स ही सगळी प्रकाशक घराणी अमेरिकन प्रोटेस्टंट, त्यातही कडक सनातनी बाजूची. कॅथलिकांसाठी वेगळी सोय आहे, उदाहरणार्थ व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलचं सेटन होम स्टडी. पण त्यात मोठ्यांनी लक्ष द्यायचं काम जास्त.

ताई, तुम्ही प्रोटेस्टंट आहात असं वाटतंय, तरी इतिहास आणि विज्ञान घेण्याआधी नमुना पानं वाचाच. तुमच्या पाळकसाहेबांनाही दाखवा. अमेरिकन राजकारण बायबलच्या वेष्टनात गुंडाळून येतं कधी कधी.

प्रयोगवही

विज्ञानाचा मुद्दा निघालाच आहे तर. अपोलोजियाची विज्ञान पुस्तकं थेट विद्यार्थ्याशी गप्पा मारल्यासारखी लिहिली आहेत, स्वतः शिकायला खरंच सोपी, आणि प्रयोग स्वयंपाकघरातल्या सामानात होतात. पण पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे ही त्यांची भूमिका. अबेका, पेसेसचीही तीच. मुलगी पुढे राज्य मंडळाची दहावी देणार असेल, तर विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आहे आनुवंशिकता आणि उत्क्रांती. तिथे काय करणार?

कन्नमवारनगरची

@प्रयोगवही, सृष्टी देवाने निर्मिली हे आमच्या घरी पक्कं आहे. किती वर्षांत, यावर माझं आणि नवऱ्याचंच एकमत नाही. थोरलीला दोन्ही वाचू देईन, बोर्डाचा धडा बोर्डाच्या पुस्तकातूनच.

प्रयोगवही

मग हरकत नाही. फक्त ती पंधराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकतेय असं होऊ देऊ नका, त्या वयात मुलांना आपल्यापासून काही लपवलं होतं हा राग फार येतो.

वसईची_सून

आणि सगळे ख्रिस्ती याला विरोध करतात असंही नाही हं. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच सांगितलंय की मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करायला मनाई नाही, आत्मा मात्र देवच निर्माण करतो.

काळा_कोट

अभ्यासक्रमावर खूप झालं, कागदांवर कुणी बोललं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. होमस्कूलला परवानगी देणारं कलम नाही, आणि घरी शिकवलं म्हणून दंड करणारंही नाही. त्या मधल्या जागेत देशभरातली हजारो कुटुंबं राहतात. तुमच्या उपयोगाचं आहे ते कलम ४. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे आठवीपर्यंत परतीचं दार उघडं असतं.

खरा पेच थोरलीचा. ती तेरा वर्षांची आहे, म्हणजे तिच्यासाठी अभ्यासक्रम दहावीकडून मागे मोजत निवडा. परदेशी अभ्यासक्रमाचं घरबसल्या मिळालेलं सर्टिफिकेट इथल्या अकरावीला चालेल असं गृहीत धरू नका. दोन सरळ वाटा आहेत. एक, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय चौदा पूर्ण, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर), नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. भाषा म्हणून मराठी घेता येते. दोन, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देण्याचा. वय चौदा आणि किमान पाचवी पास लागते. म्हणून शाळेतून काढताना शाळा सोडल्याचा दाखला आणि पाचवीचं प्रगतिपत्रक मूळ प्रतीत घ्या, लॅमिनेट करू नका, डिजिलॉकरवर विसंबू नका. केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची परीक्षा) खासगी विद्यार्थी म्हणूनही देता येते, पण चार मुलांच्या फीचा हिशेब केलात तर तुम्ही स्वतःच नको म्हणाल.

धाकट्यांसाठी एनआयओएसच्याच मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क अशा पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. कागद हातात असावा असं वाटलं तर.

कन्नमवारनगरची

काळा_कोट, प्रिंट काढून नवऱ्याला दिला तुमचा प्रतिसाद. खूप आभार.

आता दोन प्रश्न उरले. एक पैशांचा. परदेशातून चौघांचे संच मागवायचे तर डोळे पांढरे होतात. दुसरा माझा आवडता, मराठी. या सगळ्या पुस्तकांत मराठीचा म सुद्धा नाही. शाळा मराठी माध्यमाची होती, आता घरी बसवून मुलं अमेरिकन इंग्रजी बोलायला लागली तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत.

मुलुंडची_आई

परत आले. पैशांचं आधी.

छापील पुस्तकांवर २०१९ पासून पाच टक्के आयात शुल्क आहे, पण खरा खर्च कुरियरचा. त्याहून मोठी गोष्ट, जी एक मूल असलेल्यांच्या लक्षात येत नाही. भरायच्या वह्या एकदाच वापरता येतात. चार मुलं म्हणजे चार वेळा विकत. आणि थोरलीच्या वहीची झेरॉक्स काढून धाकट्याला देणं प्रकाशकांना चालत नाही, आपल्यालाही चालू नये. याउलट सॅक्सनसारखं पाठ्यपुस्तक असेल आणि मुलं उत्तरं वेगळ्या वहीत लिहीत असतील, तर एक संच चौघांना पुरतो. म्हणून भरायच्या वह्या फक्त तिथेच घ्या जिथे मुलाला खरंच एकट्याने पुढे जायचंय. माझ्या मते थोरली आणि दहाच्याचं इंग्रजी, बस्स.

फुकटातही पुष्कळ आहे. अँबलसाइड ऑनलाइन हा शार्लट मेसन या इंग्लिश बाईंच्या (१८४२ ते १९२३) विचारांवर बेतलेला अभ्यासक्रम, ख्रिस्ती आणि पूर्ण मोफत. बरीचशी पुस्तकं जुनी, हक्क संपलेली, मोबाइलवर मिळतात. त्यांची एक सवय मला फार कामाची वाटली. धडा एकदाच वाचायचा आणि पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा. लहानांनी तोंडी, मोठ्यांनी लिहून. गाळलेल्या जागांवर याच्याइतकं रामबाण औषध नाही! ईझी पीझी नावाचा आणखी एक मोफत ख्रिस्ती अभ्यासक्रम आहे, त्यात रोजचं काम लिंकवर टिचकी मारून मूल स्वतः करतं. पण चार मुलं आणि एक लॅपटॉप, त्यातही तुमचं अकाउंट्सचं काम, हे गणित जमवून बघा आधी.

आणि सगळं वेगवेगळं शिकवायची गरजच नाही. झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत एकच बाई दोन-तीन वर्ग एकदम सांभाळतात ना? तसं बायबल, इतिहास, निसर्ग, गोष्टींचं वाचन चौघांना एकत्र. माय फादर्स वर्ल्ड आणि सोनलाइट हे याच धर्तीवर बांधलेले आहेत. आपण नुसती कल्पना घ्यावी, पार्सल नको. चारचा मांडीवर बसून चित्रं बघेल, तेरा वर्षांची टिपणं काढेल. वेगवेगळं फक्त गणित आणि भाषा.

दौत_टाक

मराठीवर मी बोलतो, विषय जिव्हाळ्याचा.

गंमत बघा. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते मराठी शिकून, मराठीतून शाळा काढायला. १८२४ मध्ये त्यांनी इथे मुलींची शाळा सुरू केली. दोनशे वर्षांनी आपण मराठी ख्रिस्ती मुलांसाठी पुस्तकं अमेरिकेतून मागवतोय आणि त्यात मराठी नाही म्हणून हळहळतोय. आपल्याकडचा माल काय कमी आहे?

रोजचा शास्त्रपाठ मराठीतून करा, मोठ्याने, आळीपाळीने. एवढ्यानेच निम्मं मराठी सांभाळलं जातं. थोरलीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर दाखवा. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत केलेलं. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. केडगाव पुणे-दौंड मार्गावर आहे, चौघांना घेऊन एक दिवस जाऊन या, इतिहासाचा महिन्याचा अभ्यास होईल. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ चं, ओवीबद्ध, ते अवघड जाईल, पण पाच-दहा ओव्या चालीत म्हणून दाखवा. ओवी ऐकू आली की सासूबाई स्वतःच शिकवायला बसतील. रेव्हरंड नारायण वामन आणि लक्ष्मीबाई हे टिळक पती-पत्नी तर आहेतच.

लिखाणाचा जो रोजचा एक तास मास्तरांनी सांगितला, तो एक दिवस इंग्रजी, एक दिवस मराठी असा आलटून पालटून ठेवा.

गिरगावचे_मास्तर

दौत_टाक यांना अनुमोदन. आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं नाव कुणीतरी घ्या रे. विज्ञानाला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. विक्रोळीहून दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात.

कन्नमवारनगरची

दोन दिवस सगळं वाचून आम्ही कागदावर मांडलं ते असं. सकाळी चौघांना एकत्र शास्त्रपाठ आणि वाचन, मराठीतून. मग मोठी दोघं गणिताला बसतात, तेवढ्यात मी सातचीला घेते. दोघांचं गणित बालभारती. दहाच्यासाठी इंग्रजीच्या वह्या, पेस की लाइफपॅक ते नमुना पानं बघून. थोरलीला या वर्षी वह्या नाहीतच, ती वाचून सांगणार आणि लिहिणार, आणि चौदा पूर्ण झाली की एनआयओएस. दुपारी माझं काम चालू असेल तेव्हा मोठ्या दोघांचं वाचन, धाकट्यांची झोप. झोपली तर.

नणंदेला कळवलंय की रॉबिन्सनचं वेळापत्रक घेतलंय, साखर घेतलेली नाही.

एकच शंका. दहाच्याची निदान चाचणी घरी घेताना मी शेजारी बसू की नको? तो अडला की माझ्या तोंडाकडे बघतो आणि मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुलुंडची_आई

नका बसू. स्वयंपाकघरात जा आणि दार लोटून घ्या. खालच्या वहीवर बसला तर बसू दे, महिनाभरात वर सरकेल. माझ्याकडे लाइफपॅकच्या चौथी-पाचवीच्या न भरलेल्या काही वह्या पडून आहेत, व्यक्तिगत निरोप करते. रविवारी उपासनेनंतर येऊन घेऊन जा.

सांताक्रूझ_स्लो

आणि ती क्रिकेटची मॅच किती वाजता असते?